थवा कुठे वळवायचा

बांगडा यंदा कुठल्या बंदरावर यायचा, हे ठरवणारी सभा दर वर्षी श्रावणात भरायची. सरकारी कागदांत तिचं नाव लांबलचक होतं, पण किनाऱ्यावर सगळे तिला वाटसभा म्हणत. त्या दिवसांत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात, माणसांना वेळ असतो. त्यामुळे अध्यक्ष यायच्या आधीच सभागृहातली मागची बाकं भरून जायची आणि उशिरा आलेले लोक भिंतीला टेकून उभे राहायचे.

पुढे अर्धगोलात सदस्य बसत. बंदराबंदरांतून निवडून आलेले बोटमालक, रापणसंघांचे प्रमुख, मासळी विकणाऱ्या बायकांच्या प्रतिनिधी. शास्त्रज्ञांना खुर्ची होती, मत नव्हतं. मतदान हात वर करून, सगळ्यांच्या देखत व्हायचं. चिठ्ठ्या टाकायची पद्धत कोणी सुचवली की मागच्या बाकांवरून इतका गलका व्हायचा की सुचवणारा खाली बसायचा.

सानिका जुवाटकर ही सभा भरवणाऱ्या परिषदेची अध्यक्ष होती. ती मोरवण्याची. तरुणपणी तिने मोरवणे बंदरात मासळीचे लिलाव पुकारले होते, त्यामुळे माईक नसला तरी तिचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत जायचा. गर्दीतला कोण खरंच बोली लावणार आहे आणि कोण नुसताच ओरडतोय, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. परिषद चालवायला हे दोन गुण पुरतात, असं ती हसत सांगायची.

परिषदेच्या हातात माशाला वळवण्याची ताकद आली कशी, ते आधी सांगायला हवं.

तीसेक वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरून बांगडा नाहीसा झाला. लोकांना वाटलं, संपला. तो संपला नव्हता. दूर खोल पाण्यात त्याचे थवे होते, पण पाऊस सरला की किनाऱ्याजवळच्या उथळ, अन्नाने भरलेल्या पाण्यात यायचं ते विसरले होते. विसरले हा शब्द शास्त्रज्ञांनी विचार करून वापरला होता. किनाऱ्याची वाट बांगड्याच्या रक्तात नसते, ती त्याला शिकावी लागते. पिल्लं मोठ्या माशांच्या मागोमाग येतात, वाट शिकून घेतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्या मागे नवी पिल्लं येतात. बांगड्यांमध्ये म्हातारा म्हणजे तीन-चार वर्षांचा. मोठ्या जाळ्यांनी वर्षानुवर्षं नेमके हेच म्हातारे उचलले, आणि शेवटी थव्यात वाट माहीत असलेलं कोणी उरलंच नाही.

यावरचा उपाय माशाच्याच अंगावर सापडला. त्याच्या दोन्ही बाजूंना, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत, एक बारीक रेघ असते. ही रेघ म्हणजे जणू त्याचा पाण्यातला कान. शेजारचा मासा वळला की पाण्याचा दाब किंचित बदलतो. रेघेला तो जाणवतो आणि हाही वळतो. हजारो मासे एका अंगासारखे वळतात ते यामुळे. थव्याला कोणी पुढारी नसतो. पण शंभरातले चार-पाच मासे ठामपणे एकाच दिशेला जात राहिले तर बाकीचे त्यांच्या मागे जातात. मग एका संशोधन संस्थेने बांगड्याएवढी, बांगड्यासारखी शेपूट मारणारी, त्या रेघेला अगदी खऱ्या माशासारखी जाणवणारी यंत्रं तयार केली आणि ती थव्यात सोडली. लोकांनी त्यांना नाव दिलं, वाटाडे. वाटाड्यांनी पहिल्यांदा थवा किनाऱ्याला आणला तेव्हा बंदरांत फटाके वाजले होते.

पण वाटाड्याला वाट सांगावी लागते. म्हणजे ती कोणीतरी ठरवावी लागते. पहिली काही वर्षं या ठरवण्यावरून जाळी कापली गेली, बोटी पेटल्या, बंदरांमधली जुनी सोयरीक तुटली. त्यातून परिषद आली. तिने थव्याचे भाग पाडले, प्रत्येक बंदराला वाटा दिला, किती धरायचा आणि किती परत जाऊ द्यायचा याची शिस्त लावली. आणि हे सगळं चाललं, उत्तम चाललं. बाहेरच्या देशांतून लोक ही सभा बघायला यायचे आणि मागच्या बाकांवर शिरखोल बंदराच्या बायकांमध्ये दाटीवाटीने बसून तिचं चित्रण करायचे.

त्या वर्षी मात्र डॉक्टर इनाया होडेकर वाईट बातमी घेऊन उभी राहिली. वाटाड्यांचं सगळं काम तिच्याकडे होतं. ती याच किनाऱ्यावर वाढलेली, त्यामुळे आकड्यांच्या आधी ती माणसांकडे बघून बोलायची.

"खोल पाणी सलग तीन वर्षं तापलेलं आहे," ती म्हणाली. "अंडी कमी जगली. यंदाचा थवा लहान आहे. त्याचे भाग पाडता येणार नाहीत."

शिरखोलच्या रापणसंघाचा प्रमुख स्वप्नील कुबल पुढे झुकला. सत्तरीकडे आलेला, रुंद खांद्यांचा माणूस. रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. शिरखोलकडे तेवढंच होतं.

"थोडा थोडा सगळ्यांना दिला तर?" त्याने विचारलं.

"काका, थवा मोठा असतो तेव्हा तो स्वतःला सांभाळतो. मोठा मासा आत शिरला तरी एखाददुसरा खातो, बाकीचे सुटतात. लहान तुकडे केले तर प्रत्येक तुकडा विखुरतो आणि एकेक मासा खाल्ला जातो. मग पुढच्या वर्षी सभा भरवायला कारणच राहणार नाही."

"म्हणजे एकच बंदर."

"एकच. आणि यंदाच्या पाण्यात त्याला मानवतील अशी दोनच आहेत. मोरवणे आणि शिरखोल."

वाद दुपारपर्यंत चालला. मोरवण्याचे सदस्य म्हणाले, आमचं बंदर मोठं, आमच्यावर जास्त घरं चालतात. स्वप्नील म्हणाला, "तुमच्याकडे इंजिनं आहेत, आमच्याकडे हात आहेत. हातांनी खोल समुद्रात जाता येत नाही." मतं पडली ती समसमान. मग सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. मोरवण्याच्या बाकांवर लोक आधीच एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते.

सानिका उभी राहिली. "मोरवण्याची बोट खोल पाण्यात जाऊन सुरमई आणू शकते, कुपा आणू शकते," ती म्हणाली. "शिरखोलची रापण किनारा सोडू शकत नाही. मासा किनाऱ्याला आला नाही तर त्या गावाला दुसरं काहीच नाही. माझं मत शिरखोलला."

तिने हात वर केला.

त्या संध्याकाळी मोरवण्यात तिच्याशी कोणी नीट बोललं नाही. ती डगमगली नाही. निर्णय बरोबर होता आणि कारण सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं. राग चार दिवसांत उतरेल, असं तिला वाटलं.

पाऊस सरला. वाटाड्यांनी थवा शिरखोलला नेला आणि शिरखोलच्या वाळूवर कित्येक वर्षांत झाली नव्हती अशी रापण झाली. दोराला म्हाताऱ्यांपासून शाळकरी मुलींपर्यंत सगळं गाव लागलं होतं. जाळं वर आलं तेव्हा वाळूवर चांदी पसरल्यासारखं दिसत होतं.

मोरवण्याच्या बोटी त्याच दिवसांत खोल पाण्यात गेल्या. सानिकाने सांगितल्याप्रमाणेच. त्यांना सुरमई मिळाली, कुपाही मिळाला. मग दिवाळीनंतर समुद्रात वादळ उठलं. त्याचा इशारा वेळेवर मिळाला होता आणि बोटी परतीला लागल्या होत्या, पण वादळाने वाट बदलली आणि ते मागच्या बोटींवर आलं. एक बोट उलटली. बाकीचे खलाशी सापडले. विहान गिरकर सापडला नाही.

विहान सानिकाच्या घरापासून चौथ्या घरात राहायचा. त्याची बायको अन्वी मोरवण्याच्या बाजारात मासळी विकायची. लहानपणापासून ती सानिकाला काकी म्हणत आली होती.

परिषदेच्या पुढच्या बैठकीत लोकांना बोलायची वेळ आली तेव्हा अन्वी उठली आणि समोर येऊन उभी राहिली. रडली नाही. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलावं तशी सरळ बोलली.

"माझ्या आजेसासऱ्यांनाही समुद्राने नेलं होतं," ती म्हणाली. "माझी आजेसासू वर्षभर समुद्राकडे पाठ करून बसायची. मग एक दिवस उठली, वाळूवर जाऊन त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी मासळीची टोपली उचलून बाजारात गेली. समुद्राशी असं भांडून मोकळं होता येतं, कारण त्याच्या मनात काही नसतं. मी कोणाशी भांडू?"

ती अध्यक्षांच्या टेबलाकडे वळली.

"विहान खोल पाण्यात का होता? किनाऱ्यावर मासा नव्हता म्हणून. किनाऱ्यावर मासा का नव्हता? या खोलीत हात वर झाले म्हणून. काकी, शेवटचा हात तुमचा होता."

"होय," सानिका म्हणाली. "माझाच होता."

वादळ परिषदेने आणलं नव्हतं, असं एका सदस्याने म्हणायला सुरुवात केली. सानिकाने त्याला हाताने थांबवलं. अन्वी जागेवर जाऊन बसली आणि सभा तशीच पुढे चालली, पण त्या दिवशी ठराव मांडताना सानिकाचा आवाज पहिल्यांदाच माईकमधून ऐकावा लागला.

काही दिवसांनी ती इनायाला भेटायला संस्थेत गेली. समुद्रालगत एका मोठ्या टाकीत वाटाडे पोहत होते. हंगाम संपला की त्यांना परत बोलावून इथे ठेवत. जिवंत माशांपासून ते ओळखू येत नव्हते.

"हे बंद ठेवले तर काय होईल?" सानिकाने विचारलं.

"पूर्वी विचारलं असतंत तर सांगितलं असतं, थवा येणारच नाही," इनाया म्हणाली. "आता तसं नाही. इतकी वर्षं आपण म्हातारे मासे परत जाऊ दिले. थव्यात आता स्वतः वाट शिकलेले मासे आहेत. वाटाड्यांशिवायही तो किनाऱ्याला येईल."

"कुठल्या किनाऱ्याला?"

"माहीत नाही, ताई."

"अंदाज?"

"करता येईल. पण सध्या खरंच माहीत नाही."

सानिका टाकीच्या कठड्याला टेकली. शास्त्रज्ञाच्या तोंडून हे वाक्य तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून तिला हलकं वाटलं. "मग अंदाज करू नकोस," ती म्हणाली. "ठरवायचं ते समुद्रालाच ठरवू दे. निदान त्याला शिव्या तरी देता येतील."

"अंदाज न करणं हाही आपलाच निर्णय झाला."

"असू दे. हा शेवटचा."

पुढच्या श्रावणात थवा लहानच होता. सानिकाने ठराव मांडला, यंदा वाटाडे सोडायचे नाहीत. तिला वाद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. स्वप्नीलने स्वतः अनुमोदन दिलं. "गेल्या वर्षी आम्हाला मिळालं," तो म्हणाला, "आणि त्यानंतर मोरवण्यातल्या माझ्या बहिणीच्या घरी मी जेवायला बसू शकलो नाही. पुरे झालं." सगळे हात वर गेले. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर दोन्ही बंदरांची माणसं बाहेर एकत्र चहा पीत उभी होती. कोणीतरी म्हणालं, आता परिषदेला सुट्टी द्या, आणि सगळे हसले.

पाऊस सरला तसे दोन्ही गावांचे लोक सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे बघायला लागले. पाण्याचा रंग बदलतो का, पक्षी कुठे झेपावतात, यावर पैजा लागल्या. तरुणांना ही गंमत नवीन होती. त्यांनी कधी माशाची वाट बघितलीच नव्हती.

थवा मोरवण्याला आला.

पहिल्याच दिवशी मोरवण्याचे लोक वाजतगाजत सानिकाच्या दारात आले. कोणी हार आणला होता, कोणी पेढे. "शेवटी आपलं माणूस आपल्या कामी आलं," एक म्हातारा म्हणाला.

"अहो, मी काहीच केलेलं नाही," सानिका म्हणाली. "वाटाडे टाकीत आहेत. मासा आपला आपण आलाय."

"बरोबर आहे, बरोबर आहे," म्हातारा डोळे मिचकावत म्हणाला. "असंच म्हणायचं. आम्ही कोणाला बोलणार नाही."

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली. लिलावात पुकारताना चेहरे वाचायला शिकलेल्या सानिकाला कळलं की या दारात एकाचाही तिच्यावर विश्वास नाही. आणि ते सगळे तिच्यावर खूश होते.

शिरखोलला हेच उलट्या बाजूने झालं. तिथे सगळ्यांची खात्री होती की अध्यक्षबाईंनी गेल्या वर्षीची फेड केली. त्या गावातल्या पाच-सहा तरुणांनी एक जुनी ट्रॉलर भाड्याने घेतली आणि ते खोल पाण्याकडे जायला लागले. त्यांना किनाऱ्याचं काम येत होतं, खोल पाण्याचं नव्हतं.

सानिकाने स्वप्नीलला संस्थेत बोलावलं. इनायाने त्याला टाकी दाखवली, सगळी नोंदयंत्रं उघडून दिली, काय हवं ते विचारा म्हणाली. त्याने कठड्यावरून वाकून टाकीत पाहिलं.

"डॉक्टर, हे सगळे इथे आहेत हे मला दिसतंय," तो म्हणाला. "पण पाण्यात आणखी नाहीत, हे कसं दाखवशील?"

"थव्यातला कुठलाही मासा धरून आणा. तपासून दाखवते."

"तू लाख मासे तपासलेस, तरी न तपासलेला एक राहणारच."

इनायाने उघडलेलं नोंदयंत्र बंद केलं. एखादी गोष्ट आहे हे दाखवता येतं. ती नाही, हे समुद्राएवढ्या जागेत कसं दाखवणार? पूर्वी कोणी विचारलंच नव्हतं, कारण पूर्वी वाटाड्यांशिवाय थवा येणं शक्यच नव्हतं.

"दादा, तुमचा तरी विश्वास आहे ना?" सानिकाने विचारलं.

स्वप्नील तिच्याकडे वळला. इतका वेळ तो सभेतल्यासारखा बोलत होता. आता घरच्यासारखा बोलला. "माजो तुज्यार विश्वास आसा गो बाय. पण शिरखोलात जावन ह्यां मी कोणाक सांगू? एकदा हातात सुकाणू आसा म्हणून कळला, की होडी आपसूक गेली, ह्यां कोणाक पटाचा नाय."

त्याच आठवड्यात अन्वी सानिकाच्या घरी आली. वर्षभरात पहिल्यांदाच. सानिकाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. अन्वीने तांब्या हातात धरला, प्यायली नाही.

"काकी, सगळे म्हणतात यंदा तुम्ही मासा आणलात. मी तसं म्हणत नाही. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. गेल्या वर्षीही तुम्ही तोंडावर हो म्हणालात."

"मी खरंच काही केलं नाही, अन्वी."

"मग मला एवढंच सांगा. यंदा तुम्ही काही केलं नाही आणि मासा आपल्याकडे आला. गेल्या वर्षीही काही केलं नसतं, तर?"

अन्वीला घेऊन सानिका सरळ इनायाकडे गेली आणि प्रश्न तिच्यासमोर ठेवला. इनायाने आधी अन्वीला बसायला खुर्ची दिली. मग ती बोलली, आणि तिने काही लपवलं नाही.

"मी हे गेले काही दिवस तपासतेय. गेल्या वर्षी शिरखोलची वाट शिकलेले बरेच मासे शिरखोलच्याच जाळ्यात राहिले. जे परत गेले त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी त्याआधी दोन वेळा मोरवण्याची वाट धरली होती. थव्याच्या आठवणीत मोरवणेच जास्त पक्कं होतं. यंदा तो त्या आठवणीने आला."

"आणि गेल्या वर्षी?" अन्वीने विचारलं.

"गेल्या वर्षीही त्या आठवणी होत्याच. वाटाडे सोडले नसते तर तो बहुधा मोरवण्यालाच आला असता."

"बहुधा."

"जवळजवळ नक्की."

अन्वी खुर्चीवरून उठली. मग म्हणाली, "मग माझा नवरा किनाऱ्यावर असता."

"तेव्हा मला हे माहीत नव्हतं," सानिका म्हणाली.

"माहीत असतं तर तुम्ही हात वर केला नसता?"

सानिकाने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि कदाचित दयेचंही झालं असतं. "केला असता," ती म्हणाली. "शिरखोलला दुसरं काहीच नव्हतं."

अन्वीने मान हलवली. तिला राग आला की नाही ते सानिकाला चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि असं तिला फार क्वचित व्हायचं.

वैशाखात परिषदेची निवडणूक झाली. मोरवण्याने अन्वीला बिनविरोध निवडून दिलं. तिच्याविरुद्ध उभं राहायला कोणाला तोंड नव्हतं.

श्रावणात सभा भरली. थवा थोडा वाढला होता, पण भाग पाडण्याइतका नाही. इनायाने नकाशा दाखवला आणि तीन पर्याय सांगितले. वाटाडे मोरवण्याकडे, वाटाडे शिरखोलकडे किंवा वाटाडे बंद.

"तिसरा पर्याय मतदानाला ठेवायच्या आधी एक विचारते," सानिका म्हणाली. तिचा आवाज पुन्हा शेवटच्या भिंतीपर्यंत जात होता. "बंद ठेवले तर थवा कुठे जाईल?"

"मोरवण्याला," इनाया म्हणाली.

"खात्री आहे?"

"आता आहे. ताई, आता आम्ही म्हाताऱ्या माशांची आठवण वाचू शकतो. माहीत नाही असं मला आता म्हणता येणार नाही."

"मग तिसरा पर्याय नाहीच," सानिका सभेला म्हणाली. "तो पहिलाच आहे, फक्त दुसऱ्या नावाने. गेल्या वर्षी समुद्रावर सोडतो असं म्हणून आपण सगळ्यांनी हात वर केले. तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, म्हणून ते चाललं. यापुढे काही न करणं म्हणजेही कोणाला तरी मासा देणं आणि कोणाचा तरी काढून घेणं आहे. ज्याला हे जड वाटत असेल त्याने खुर्ची सोडावी. मी सोडणार नाही. हे काम आपण जाळी कापून करत होतो, तेव्हापेक्षा इथे बसून बरं करतो."

कोणीही उठलं नाही. सभागृहात भीती नव्हती. उलट सगळे ताठ बसले होते. दोन्ही बाजूंनी मुद्दे मांडले गेले, शांतपणे, एकमेकांना पूर्ण बोलू देऊन. शिरखोलची ट्रॉलर किती जुनी आहे हे स्वप्नीलने सांगितलं. मोरवण्याच्या बोटी किती लांब जातात हे मोरवण्याच्या माणसाने सांगितलं. हवामानाचा अंदाज वाचला गेला. वादळं यंदाही येणार होती.

मग हात मोजले. एकेक सदस्याचं नाव पुकारलं जात होतं आणि शेवटी दोन्ही बाजू सारख्या झाल्या. अन्वीचं नाव तेवढं उरलं होतं.

ती उठली. "डॉक्टर, एक विचारू?"

"विचार."

"मासा मोरवण्याला आला तर शिरखोलची पोरं त्या जुन्या ट्रॉलरवर खोल पाण्यात जातील."

"हो."

"शिरखोलला गेला तर आमची जातील."

"हो."

"मी हात वर केलाच नाही तर?"

उत्तर सानिकाने दिलं. "मग मतं समान राहतील आणि निर्णय माझ्याकडे येईल. पण तू हात वर केला नाहीस हे सगळ्यांनी बघितलेलं असेल."

अन्वीने सभागृहावर नजर फिरवली. मोरवण्याच्या बाकांवर तिच्या शेजारणी बसल्या होत्या. त्यांचे नवरे, भाऊ, मुलगे खोल पाण्यात जाणारे होते, आणि त्यांच्यातल्या एकीनेही तिला खूण केली नाही, नजर चुकवली नाही. त्या नुसत्या थांबल्या होत्या.

"मोरवणे," अन्वी म्हणाली, आणि तिने हात वर केला. अर्धवट नाही. कोपर सरळ करून, सगळ्यांना दिसेल असा.

ठराव मंजूर झाल्याचं सानिकाने जाहीर केलं. लोक उठायला लागले, खुर्च्या सरकल्या, बाहेर चहाची वर्दी गेली. शिरखोलच्या बाकावर कडेला एक तरुण बाई बसली होती. तिचा नवरा त्या ट्रॉलरवर जाणाऱ्यांपैकी होता. ती उठली नाही. रडली नाही की ओरडलीही नाही. अन्वी कागद आवरत होती, पदर सारखा करत होती, आणि ती बाई जागेवरूनच, घाई न करता, तिचा चेहरा नीट बघून ठेवत होती.